परत मागवलेली घरची बॅटरी: आगीपासून कसं जपावं, हक्क कसा मागावा

बडोद्यात गच्चीवर सोलर पॅनल दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. बहुतेकांची यंत्रणा एमजीव्हीसीएल या वीज कंपनीच्या लाईनला जोडलेली असते आणि लाईट गेली की तीही बंद पडते. म्हणून ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे किंवा घरूनच काम चालतं, ते सोबत लिथियमची बॅटरी बसवून घेतात. कुणाची कारेलीबागेतल्या बंगल्यात जिन्याखाली असते, कुणाची दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात ओसरीच्या भिंतीवर. शिवाय इथल्या कितीतरी मराठी घरांतली मुलं मेलबर्नला नाहीतर न्यू जर्सीला असतात आणि त्यांच्याही गॅरेजात अशी पेटी टांगलेली असते. त्यामुळे हा विषय दोन्हीकडचा आहे.

एलजी एनर्जी सोल्यूशनने डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ‘रेसू १० एच’ बॅटऱ्या परत मागवल्या. तेव्हा आकडा दोन हजारांच्या आत होता, ऑगस्ट २०२१ मध्ये तो सुमारे १०,००० झाला. ऑस्ट्रेलियात याच कंपनीच्या १८,००० च्या आसपास बॅटऱ्या या यादीत आल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत टेस्लाच्या ‘पॉवरवॉल २’ची पाळी आली: सुमारे १०,५०० नग, जास्त तापल्याच्या २२ तक्रारी आणि त्यांतल्या पाच ठिकाणी आग. नावाजलेल्या कंपन्यांच्या मालातही सेलचा दोष निघू शकतो, हे त्यातून कळतं.

माझं सांगणं मुख्यतः मधल्या काळाबद्दल आहे. कंपनी रिकॉल (म्हणजे माल परत मागवणं) जाहीर करते त्या दिवसापासून पेटी भिंतीवरून उतरेपर्यंत कित्येक महिने जाऊ शकतात. तेवढे दिवस ती तुमच्याच घरात असते. तेव्हा ती शांत ठेवणं आणि कागद पक्के करणं, ही दोन्ही कामं एकदमच सुरू करायची.

आधी नंबर शोधा

रिकॉलची चिठ्ठी आपोआप घरी येईल या भरवशावर राहू नका. ती नोंदणीकृत मालकाला जाते, आणि कित्येकदा नोंदणी डीलरच्या नावानेच राहिलेली असते. घर विकत घेतलं असेल तर आधीच्या मालकाच्या नावाने असते.

मॉडेल आणि सीरियल नंबरचं लेबल पेटीच्या बाजूला, कधी झाकणाच्या खालच्या कडेला असतं. भिंत आणि पेटीत चार बोटांचीच फट असेल तर वाकून डोकं घालू नका. मोबाईलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढा आणि नंतर एकेक चित्र थांबवून वाचा. ० आणि ओ, ८ आणि बी यांत गफलत होते, म्हणून इन्व्हर्टरच्या ॲपमधला नंबर आणि बिलावरचा नंबर ताडून बघा. मग तो कंपनीच्या अधिकृत साइटवरच्या रिकॉलच्या पानावर टाका. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या लिंकवर टाकू नका.

पेटीवर ब्रँडचं नाव वेगळं आणि आतले सेल वेगळ्याच कंपनीचे, असं सर्रास असतं. म्हणून डीलरला ईमेल करून सेल कुणाचे, कधीचे, हे विचारा. फोनवरचं उत्तर पुढे उपयोगी पडत नाही. पेटीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक छापलेला असेल तर तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तपासता येतो. नंबर दुसऱ्याच कंपनीचा निघाला तर तक्रारीला तेवढंच पुरेसं कारण आहे.

पेटी शांत ठेवा

नंबर यादीत सापडला की घाईने सगळे स्विच पाडू नका. आधी कंपनीची सूचना नीट वाचा. काही रिकॉलमध्ये कंपनी इंटरनेटवरून बॅटरीचा चार्ज उतरवते. तिथे तुम्ही वायफाय बंद केलंत तर तेच काम अडून बसतं. तशी सोय नसेल तर मॅन्युअलमधल्या क्रमाने बंद करा. तो क्रम बसवणाऱ्याने इन्व्हर्टरजवळ चिकटवलेला असायला हवा, नसेल तर त्याच्याकडून लेखी मागून घ्या.

चार्जला एवढं महत्त्व का, ते समजून घेतलेलं बरं. आतला एखादा सेल बिघडून तापला की ती उष्णता शेजारच्या सेलला लागते, तो तापला की त्याच्या शेजारच्याला, आणि हे आपोआप वाढत जातं. बॅटरी जितकी भरलेली तितका हा भडका जोरात. म्हणून परत मागवलेली बॅटरी १०० टक्के भरून ठेवणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. सूचनेत परवानगी असेल तर कमाल चार्जची मर्यादा ॲपमधून खाली आणा. घरात ऑक्सिजनचं यंत्र या बॅटरीवर चालत असेल तर बंद करण्याआधी सिलिंडरची सोय करा आणि डॉक्टरांना कल्पना द्या.

बॅटरी बंद केली तरी ऊन असेपर्यंत पॅनलकडून येणाऱ्या तारांत वीज असतेच. तिथे हात घालायचा नाही.

आता जागेकडे बघा. जिन्याखाली रद्दी, जुन्या गाद्या, दिवाळीचे उरलेले फटाके, रंगाचे डबे ठेवायची आपल्याकडे सवय असते. ते सगळं आजच हलवा. जिना हीच बाहेर पडायची एकमेव वाट असेल तर वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांची झोपायची जागा बॅटरी जाईपर्यंत बदला. ही खबरदारी मला अजिबात जास्तीची वाटत नाही. धुराचा अलार्म स्वस्तात मिळतो, तो बॅटरीजवळच्या छताला लावा. गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये पेटी असेल तर मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२-४३ अंशांवर जातो हे लक्षात घ्या, पत्र्याखाली त्याहून जास्त. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, पतंगांसाठी गच्चीवर गर्दी असते, रात्री तुक्कल (पेटते कागदी कंदील) उडतात. त्या दिवसांत शेडजवळ कुणाला बसू देऊ नका.

ही लक्षणं दिसली तर वाट बघू नका

पेटी फुगलेली दिसणं, हात न लावताही धग जाणवणं, आतून फटफट किंवा सूं असा आवाज, नेलपॉलिश किंवा थिनरसारखा गोडसर वास, पांढरा धूर. यांतलं एकही दिसलं तर सगळ्यांना बाहेर काढा, मधलं दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा. मेन स्विच पेटीपासून लांब आणि वाटेतच असेल तरच पाडा.

पांढऱ्या धुराला वाफ समजू नका. त्यात हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायूही असू शकतो, आणि बंद खोलीत साठला तर त्याचा स्फोट होऊ शकतो. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका मोठ्या वीजसाठ्याचं दार उघडल्यावर असाच स्फोट होऊन अग्निशमन दलाचे जवान गंभीर जखमी झाले होते. त्यामुळे काय झालंय ते बघायला दार उघडायचं नाही.

आग विझवायचा घरातला पावडरचा लाल सिलिंडर आजूबाजूची ज्वाळा विझवेल, आतली सेल तापत जाण्याची साखळी थांबवणार नाही. तिला भरपूर पाणी लागतं आणि विझल्यावरही काही तासांनी, कधी दिवसांनी ती पुन्हा पेटू शकते. ते काम दलाचं आहे. फोनवर ‘लिथियम बॅटरी आहे, जिन्याखाली आहे, गच्चीवर सोलर आहे’ एवढं स्पष्ट सांगा. तुम्ही पोळीत (जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत) राहत असाल तर बंब कुठल्या तोंडाने आत येईल तेही सांगा आणि एक माणूस नाक्यावर उभा करा.

पुराचं वेगळं सांगायला हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्या घरांत शिरलं, त्यांतल्या बऱ्याच जणांचे इन्व्हर्टर तळमजल्यावरच होते. पाण्यात बुडालेली लिथियम बॅटरी वाळवून पुन्हा चालू करायची नसते. वरून कोरडी दिसली तरी आत क्षार आणि गंज राहतो, त्याने शॉर्ट होऊन ती नंतर पेटू शकते. रिकॉलमधली असो वा नसो, तिला हात न लावता कंपनीला आणि दलाला कळवा.

हक्क: काय मागायचं आणि कुणाकडे

मुलं परदेशात असतील तर त्यांना तिथल्या सरकारी यंत्रणेकडे जायला सांगा: अमेरिकेत सीपीएससी, ऑस्ट्रेलियात एसीसीसी. परदेशातल्या रिकॉलचा फायदा इथल्या नगाला आपोआप मिळत नाही. इथला आधार म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९.

या कायद्यात ‘उत्पादक’ फक्त कारखानदार नसतो. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर स्वतःचं नाव लावणाराही उत्पादकच. म्हणजे ‘सेल बाहेरून येतात, आमच्या हातात काही नाही’ हे उत्तर ऐकून गप्प बसायचं कारण नाही. पैसे मुलाने भरले आणि त्याच्या संमतीने वापरता तुम्ही, तरी तुम्ही ग्राहक ठरता. सदोष मालामुळे इजा झाली किंवा घरातल्या दुसऱ्या वस्तूंचं नुकसान झालं, तर भरपाईसाठी कायद्यात वेगळं प्रकरणच आहे. कलम २० खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल परत मागवण्याचा आणि किंमत परत देण्याचा आदेश देऊ शकतं. तिथली तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते.

पहिलं पत्र कंपनीला आणि डीलरला एकाच ईमेलने पाठवा. त्यात सीरियल नंबर, बसवल्याची तारीख, बिलाची प्रत आणि लेबलचा फोटो जोडा. मग नेमके प्रश्न विचारा: हा नंबर रिकॉलमध्ये आहे का, पेटी कोण आणि किती तारखेला उतरवणार, बदली देणार की पैसे परत, आणि बॅटरी बंद असलेल्या महिन्यांची भरपाई काय. उत्तराला १५ दिवस द्या.

कंपनी पुष्कळदा ‘सॉफ्टवेअर अपडेट करतो, क्षमता थोडी कमी होईल’ असं सुचवते. तात्पुरती खबरदारी म्हणून ते घ्या, पण तुम्ही १० युनिटची बॅटरी घेतली होती, साडेसातची नाही. ‘माझा बदलीचा आणि परताव्याचा हक्क कायम ठेवून ही दुरुस्ती स्वीकारत आहे’ हे एक वाक्य उत्तरात लिहा. ‘आता कोणतीही तक्रार उरलेली नाही’ असं छापलेल्या कागदावर काम पुरं होण्याआधी सही करू नका, माणूस दारात उभा असला तरी.

ओळखीच्या मेकॅनिककडून पेटी उघडून घेऊ नका. जीव धोक्यात जातोच, शिवाय मालात फेरफार झालेला असेल तर विक्रेता उत्पादन-दायित्वाच्या (सदोष मालाच्या भरपाईच्या) दाव्यातून सुटू शकतो.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही अडलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथेच दावा लावता येतो, कंपनी चेन्नईची असो की गुरुग्रामची. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरून होतो. मुदत मात्र दावा करण्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. कंपनीच्या आश्वासनांच्या ईमेलमध्ये ती संपून जाऊ देऊ नका. दोष सिद्ध करायला आयोग माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो. आपल्याच गावात मकरपुऱ्याला ‘एर्डा’ ही विद्युत उपकरणांची चाचणी करणारी संस्था आहे, तेव्हा अर्जात तिचं नाव सुचवून बघा.

घराचा विमा असेल तर विमा कंपनीलाही रिकॉलची लेखी कल्पना द्या.

पेटी जाते तेव्हा

ती रिक्षात, स्कूटरवर किंवा कुरिअरने पाठवायची नाही, भंगारवाल्याला तर नाहीच. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बाद बॅटरी इतर कचऱ्यात टाकता येत नाही आणि ती परत घेऊन विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. उतरवणी, पॅकिंग, वाहतूक यांचे पैसे तुमच्याकडे मागितले तर नकार द्या आणि ते लेखी मागायला लावा.

नेताना पावती घ्या: सीरियल नंबर, तारीख, नेणाऱ्याचं नाव-सही, आणि ‘रिकॉलखाली परत घेतली’ हे शब्द. बदली बॅटरी आली तर तिचा नंबरही लगेच रिकॉलच्या पानावर तपासा, वॉरंटी कोणत्या तारखेपासून धरली आहे ते कार्डावर लिहून घ्या, आणि नोंदणी या वेळी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाईल नंबरवर करा.