टेक्सासमध्ये हरणाच्या शिकारीला निघालात? या चुका टाळा

नेम चुकला म्हणून टेक्सासमध्ये कुणाला दंड होत नाही. दंड होतो तो टॅगवरची (परवान्यासोबत मिळणाऱ्या, पाडलेल्या हरणाला लावायच्या चिठ्ठीवरची) तारीख कापली नाही म्हणून, चुकीच्या काउंटीत चुकीचा नर पाडला म्हणून, किंवा जखमी हरणामागे शेजाऱ्याचं कुंपण ओलांडलं म्हणून. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनकडची आपली बरीच मंडळी ऑफिसातल्या मित्रांबरोबर पहिल्यांदा रँचवर जातात. नियम तो मित्रच सांगेल, असं ते धरून चालतात. मित्राला त्याच्या रँचचे नियम पाठ असतात, तुमच्या परवान्याचे नाहीत.

सगळ्यात आधी एक प्रश्न डोक्यातून काढून टाका: ‘हरणाचा हंगाम कधी सुरू होतो?’ याला एक उत्तर नाही. काउंटी कुठली, जमीन खासगी की सरकारी, प्राणी कुठला आणि हातात धनुष्य की रायफल, या चारही गोष्टी कळल्याशिवाय तारीख सांगता येत नाही.

परवाना घेतला, पण भलताच

टेक्सासच्या रहिवाशाला साधा शिकारीचा परवाना २५ डॉलरला मिळतो. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला तोच ३१५ डॉलरला पडतो. रहिवासी म्हणजे अर्जाच्या आधी सलग सहा महिन्यांहून जास्त काळ टेक्सासमध्ये राहिलेला. न्यू जर्सीहून दोन महिन्यांपूर्वी बदली होऊन आलात आणि टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स खिशात आहे, एवढ्यावर २५ डॉलरचा परवाना घेऊ नका.

बाहेरून येणारे पाहुणे पैसे वाचवायला ४८ डॉलरचा पाच दिवसांचा परवाना घेतात. तो व्हाइटटेल, म्हणजे इथल्या नेहमीच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला चालतच नाही. आणखी एक नेहमीचा घोळ म्हणजे शुक्रवारी रात्री ऑनलाइन परवाना घ्यायचा आणि शनिवारी पहाटे ब्लाइंडमध्ये (शिकाऱ्याने लपून बसायच्या खोपटात) जाऊन बसायचं. कागदी परवाना ऑनलाइन घेतलात, तर हरणाचे टॅग पोस्टाने घरी येतात. टॅग हातात पडेपर्यंत हरणावर गोळी झाडता येत नाही. आयत्या वेळी जायचंच असेल तर दुकानात जाऊन छापील परवाना घ्या, नाहीतर डिजिटल टॅगवाला प्रकार निवडा. फक्त धनुष्यबाणाच्या हंगामात जाणार असाल तर ७ डॉलरचं वेगळं आर्चरी एन्डॉर्समेंट लागतं. शिकार आणि मासेमारी एकत्र असलेल्या सुपर कॉम्बो परवान्यात ते आलेलंच असतं.

२ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा आहे. सतरा वर्षांवरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. वेळ नसेल तर १० डॉलर भरून तो पुढे ढकलता येतो, पण आयुष्यात एकदाच आणि त्या परवाना-वर्षापुरता. त्या काळात कोर्स झालेला (किंवा १९७१च्या त्या तारखेआधी जन्मलेला) परवानाधारक प्रौढ तुमच्यासोबत लागतो. सोबत म्हणजे साध्या आवाजात हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर. तो पलीकडच्या टेकडीवरच्या ब्लाइंडमध्ये बसला असेल तर ती सोबत नव्हे.

व्हिसावाल्यांची सर्वांत महागडी चूक

हा मुद्दा अमेरिकन मित्र कधीच सांगणार नाही, कारण त्याच्यावर तशी वेळ येत नाही. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, व्हिजिटर असे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा घेऊन अमेरिकेत आलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. यात मालकीचा प्रश्न नाही. मित्राची रायफल हातात घेतली तरी ती ‘जवळ बाळगली’ असं होतं. या बंदीला अपवाद मोजके आहेत, आणि आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने दिलेला, मुदतीतला शिकारीचा परवाना. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही.

इथे ‘मुदतीतला’ हा शब्द नीट वाचा. टेक्सासचा परवाना १ सप्टेंबरला किंवा त्यानंतर कधीही घ्या, तो ३१ ऑगस्टला संपतो. मार्चमध्ये घेतला म्हणून पुढच्या मार्चपर्यंत चालत नाही. एच-वन-बीवर असाल, घरात स्वतःची रायफल असेल आणि १ सप्टेंबरला नवा परवाना हातात नसेल, तर त्या दिवसापासून कपाटातली ती रायफल हा संघीय गुन्हा आहे. इमिग्रेशनच्या फायलीवर त्याचे परिणाम किती लांबवर जातील, हे वेगळं सांगायला नको. नव्या वर्षाचे परवाने १५ ऑगस्टपासून मिळतात. कॅलेंडरमध्ये रिमाइंडर लावायचाच असेल तर याच तारखेचा लावा.

हाच नियम पाहुण्यांनाही लागतो. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत, रँच दाखवायला नेलंय, आणि फोटोसाठी बाबांच्या हातात रायफल दिली: यात बाबाही अडकतात आणि त्यांचा व्हिसा माहीत असूनही रायफल देणारे तुम्हीही. फोटो हरणांच्या पाणवठ्याजवळ काढा.

तारखा, विभाग आणि एमएलडीपीचा गोंधळ

व्हाइटटेलचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. उत्तर विभागात तो जानेवारीच्या पहिल्या रविवारी संपतो, दक्षिण विभागात तिसऱ्या रविवारी. २०२४-२५ मध्ये दोन्हीकडे २ नोव्हेंबरला सुरुवात झाली. उत्तरेत ५ जानेवारीला आणि दक्षिणेत १९ जानेवारीला तो संपला. त्याआधी २८ सप्टेंबर ते १ नोव्हेंबर हा काळ फक्त धनुष्यबाणाचा होता. मुख्य हंगाम संपल्यावर काही काउंटींत मादी आणि एकसरळ शिंगांच्या नरांसाठी आणखी थोडे दिवस मिळतात. पश्चिमेकडच्या म्यूल डीअरचं वेळापत्रक पूर्ण वेगळं असतं, ते व्हाइटटेलच्या तारखांवरून ठरवू नका.

खरे नियम राज्याच्या वन्यजीव खात्याच्या साइटवर, तुमच्या काउंटीच्या पानावर असतात. राज्यभरात मिळून वर्षाला पाच व्हाइटटेल, त्यांत जास्तीत जास्त तीन नर, ही वरची मर्यादा झाली. तुमच्या काउंटीत दोनच नर चालत असतील. काही काउंटींत मादी पाडायला हंगामातले मोजकेच दिवस दिलेले असतात. त्यांना ‘डो डेज’ म्हणतात. अशा काही ठिकाणी मादीची नोंद २४ तासांत त्या खात्याच्या अ‍ॅपवर करणं सक्तीचं असतं. एकच रँच दोन काउंटींत पसरलेली असू शकते, म्हणून ब्लाइंड नेमकं कुठल्या काउंटीत आहे ते मालकालाच विचारा.

एवढं करूनही लोक फसतात ते एमएलडीपीमुळे. ही राज्याची हरीण व्यवस्थापन योजना आहे. तीत नाव नोंदवलेल्या जमिनींना स्वतःचे वेगळे टॅग मिळतात आणि त्यांचा हंगाम सप्टेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत लांबतो. शिंगांच्या मापाचे काउंटीचे नियमही तिथे लागत नाहीत. मग होतं असं: मागच्या वर्षी एका रँचवर फेब्रुवारीत नर मिळाला, म्हणून यंदा दुसऱ्याच्या जमिनीवर फेब्रुवारीत जायचं. ती जमीन योजनेत नसेल तर तिथला हंगाम केव्हाच संपलेला असतो. उलट चूकही होते. एमएलडीपी जमिनीवर परवान्यावरचा टॅग वापरून चालत नाही, रँचचाच टॅग लागतो.

घड्याळ

स्थानिक सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडता येते. फोनमध्ये घरच्या गावाची वेळ बघून निघणं ही इथली चूक. ह्यूस्टनपेक्षा पश्चिमेकडच्या रॉकस्प्रिंग्जला सूर्य सुमारे २० मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे ह्यूस्टनच्या वेळेवर सकाळी पहिली गोळी झाडलीत तर ती २० मिनिटं बेकायदा. त्यातून हंगामाचा पहिला रविवार बहुतेक वर्षी घड्याळं तासाभराने मागे जाण्याचाच दिवस असतो. फोनचं घड्याळ आपोआप बदलतं, पण ब्लाइंडमध्ये चिकटवलेला शनिवारच्या वेळांचा कागद बदलत नाही.

तेरा इंचांचा नर

ज्या काउंटींत शिंगांची अट आहे तिथे नर दोनच प्रकारे चालतो. एक, त्याच्या किमान एका शिंगाला फाटा नसावा. दोन, दोन्ही शिंगांच्या मुख्य दांड्यांमधलं आतलं अंतर, जिथे ते सर्वांत जास्त असेल तिथे, १३ इंच किंवा अधिक असावं. दोन नरांची मर्यादा असेल तर त्यांतला एकच १३ इंची चालतो.

लोक टोकं मोजतात आणि इथेच घात होतो. आठ टोकांचा देखणा पण अरुंद नर या काउंटींत चालत नाही. एका बाजूला नुसती काठी आणि दुसऱ्या बाजूला चार टोकं असलेला वेडावाकडा नर मात्र चालतो. टोक म्हणजे तरी काय? दांड्यापासून किमान एक इंच बाहेर आलेलं. अर्ध्या इंचाचा गाठीसारखा उंचवटा म्हणजे फाटा नव्हे. दांड्याचं स्वतःचं टोकही एक धरतात, म्हणून बिनफाट्याचं शिंग म्हणजे एकच टोक असलेलं शिंग.

शंभर यार्डांवरून अंतर मोजायला निसर्गाने एक पट्टी दिली आहे. सावध उभ्या व्हाइटटेलचे कान बाजूला ताणलेले असतात, तेव्हा एका कानाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत साधारण १३ इंच भरतात. शिंगं कानांच्या टोकांच्या बाहेर गेलेली दिसली तर नर चालणारा. हे फक्त समोरून किंवा पाठीमागून बघायचं. बाजूने कुठलाही नर रुंदच वाटतो. तो फीडरखाली (मका टाकणाऱ्या यंत्राखाली) मान घालून मका खात असेल आणि कान सैल पडले असतील तर पट्टीच खोटी ठरते. मान वर करेपर्यंत थांबा. अगदी काठावर वाटतोय? मग तो १३ इंचाचा नाही असंच समजा.

मादी समजून वर्षाच्या आतला नर पाडणं ही आणखी एक वारंवार होणारी गोष्ट. शिंग कातडीबाहेर आलेलं नसेल तर तो कायद्याने बिनशिंगीच धरला जातो, त्यामुळे मादी चालत असेल तिथे गुन्हा होत नाही. पण रँचमालक नाराज होतो. संध्याकाळी सगळ्यांत आधी एकटंच बाहेर आलेलं छोटं हरीण बहुतेकदा हेच असतं. शेजारी दुसरं हरीण येईपर्यंत थांबलात तर आकार लगेच कळतो.

टॅग: पेन नव्हे, चाकू

हरीण पडल्यावर लगेच टॅग लावायचा. फोटो, मिठ्या, फोन हे सगळं नंतर. कागदी टॅगवर महिना आणि तारीख *कापून* काढायची असते. पेनाने गोल केलं किंवा खूण केली तर तो टॅग भरलेला धरत नाहीत. जमिनीचं नाव आणि काउंटी मात्र शाईने लिहायची. त्यानंतर परवान्याच्या मागच्या हार्वेस्ट लॉगमध्येही (शिकारीच्या नोंदीच्या तक्त्यात) नोंद करायची, जी निम्मे लोक विसरतात. डिजिटल टॅगवाल्यांनी अ‍ॅपवर जागच्या जागी नोंद करायची. रेंज नसली तरी अ‍ॅप चालतं, पण ते घरूनच उतरवून लॉग इन केलेलं हवं.

आपले टॅग संपले म्हणून बायकोचा किंवा मित्राचा टॅग लावणं हा सरळ गुन्हा आहे. नराचं डोकं शिंगांसकट, हरीण अंतिम ठिकाणी पोचेपर्यंत सोबतच ठेवा. गाडीत जागा नाही म्हणून ते रँचवर टाकून येऊ नका.

आणि शस्त्राचं एका वाक्यात: पॉइंट टू-टू रिमफायर (काडतुसाच्या कडेवर आघात करणारी) रायफल हरणावर चालत नाही, सेंटरफायर (मधोमध आघात करणारी) हवी.

कुंपण, जांभळा रंग, सरकारी जंगल

झाडाच्या बुंध्यावर किंवा कुंपणाच्या खांबावर उभा जांभळा पट्टा दिसला की ती ‘आत येऊ नका’ची कायदेशीर पाटी आहे. किमान ८ इंच लांब, १ इंच रुंद, जमिनीपासून ३ ते ५ फुटांवर. वेगळा बोर्ड लागत नाही. जखमी हरीण कुंपणापलीकडे गेलं तर रक्ताचा माग समोर दिसत असला तरी आधी शेजाऱ्याची परवानगी घ्या. रात्री फोन उचलत नसेल तर गेम वॉर्डनला (वन्यजीव खात्याच्या अधिकाऱ्याला) फोन करा. मालकाच्या संमतीशिवाय व्हाइटटेल मारणं टेक्सासमध्ये किरकोळ गुन्हा नाही, फेलनी म्हणजे गंभीर गुन्हा आहे.

सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्टसारख्या सार्वजनिक जागेत जायचं तर ४८ डॉलरचं वार्षिक पब्लिक हंटिंग परमिट वेगळं लागतं. तिथे झगझगीत नारिंगी कपडा किमान ४०० चौरस इंच हवा, त्यात छाती आणि पाठीवर प्रत्येकी १४४ चौरस इंच, आणि डोक्यावर नारिंगी टोपी. खासगी रँचवर मका टाकणं सर्रास चालतं, म्हणून इथेही मक्याची पिशवी घेऊन जाल तर फसाल. राष्ट्रीय वनात हरणासाठी आमिष टाकायला बंदी आहे.

मांस वाटताना

विकायचं नाही, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. वाटायला हरकत नाही, पण टॅगशिवाय मांडी किंवा तुकडा दुसऱ्याच्या गाडीतून जाणार असेल तर सोबत वाइल्डलाइफ रिसोर्स डॉक्युमेंट हवं. साध्या कागदावरही चालतं. देणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि सही, घेणाऱ्याचं नाव, काय दिलं आणि ते कधी-कुठे मारलं, एवढं लिहायचं.

हाडं-आतड्यांचं काय करायचं हा आता गंभीर प्रश्न झाला आहे. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा जीवघेणा मेंदूरोग टेक्सासमध्ये २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला. तो ज्या प्रथिनामुळे होतो ते शिजवून नष्ट होत नाही. माणसाला झाल्याची सिद्ध नोंद नाही, तरी चाचणीत रोग आढळलेल्या हरणाचं मांस खाऊ नका असाच सल्ला आहे. २०२४-२५च्या हंगामापासून राज्यभर नियम आहे की रँचबाहेर नेलेले टाकाऊ भाग कचरागाडीतून लँडफिलला द्या, किमान तीन फूट खोल पुरा, किंवा मूळ जमिनीवर परत न्या. हायवेच्या कडेला पिशवी टाकणं बंद. सर्वांत सोपं म्हणजे मांस रँचवरच हाडांपासून सोडवून घ्यायचं.

चितळ दिसलं तर

हिल कंट्रीत (मध्य टेक्सासच्या डोंगराळ भागात) फिरताना ताडोब्यात आल्यासारखं वाटू शकतं. १९३०च्या दशकात आणलेली चितळं आज तिथे मोकळी फिरतात. स्थानिक लोक त्यांना ‘अ‍ॅक्सिस’ म्हणतात. टेक्सासच्या कायद्यात ते परदेशी जनावर आहे: हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, टॅग नाही. पण शिकारीचा परवाना आणि मालकाची परवानगी लागतेच. काळवीट आणि नीलगायीलाही हेच लागू. मे महिन्यात ‘अ‍ॅक्सिस’ म्हणून व्हाइटटेलवर गोळी झाडणं ही इथली खास चूक. ठिपके दोघांतही दिसतात, पण व्हाइटटेलचे फक्त पिल्लू असताना असतात. मोठ्या अंगाचं, ठिपकेदार, गळ्यावर पांढरा डाग आणि पाठीच्या कण्यावर काळसर पट्टा, तेच चितळ. पळताना शेपटी उभारून खालचा पांढरा भाग झेंड्यासारखा दाखवत गेलं तर ते व्हाइटटेल.

त्या चितळाची शिंगं पुण्याच्या घरी भिंतीवर लावायला बॅगेत भरू नका. टेक्सासमध्ये ती कायदेशीर असली तरी भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळाची शिंगं बाळगणं गुन्हा आहे, आणि तिथला कस्टम अधिकारी टेक्सासचा परवाना बघून सोडणार नाही.