'ठाणे' हेक्समध्ये लिहिताना

ठाणे-वाशी लोकलच्या डब्यात असते तशी इलेक्ट्रॉनिक पाटी बनवताय आणि तिच्यावर 'ठाणे' उमटवायचंय, तर प्रोग्रामला चार युनिकोड क्रमांक (प्रत्येक अक्षर-चिन्हाला ठरवून दिलेले क्रमांक) द्या: ठ ०९२०, काना ०९३ई, ण ०९२३, मात्रा ०९४७. युनिकोडच्या तक्त्यातले हे क्रमांक हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायात असतात. सी या प्रोग्रामिंग भाषेत ते जसेच्या तसे उतरवले की घोळ होतो.

इथे आकडे देवनागरीत छापलेत. प्रोग्राम लिहिताना कीबोर्ड इंग्रजीवरच घ्या. मराठी शून्य पडलं तर सी आणि पायथन या दोन्ही भाषा अडतात.

क्रमांकाआधी शून्य आणि एक्स लावा: ०एक्स०९२०. हेक्समध्ये दहा ते पंधरासाठी येणारी ए ते एफ ही अक्षरं कॅपिटल असोत वा स्मॉल, दोन्ही चालतात. फक्त अख्ख्या फाइलमध्ये एकच पद्धत ठेवा.

एक्स राहिला तर सी तो आकडा ८ च्या पायातला धरतं. त्यात ९ हा अंकच नाही, म्हणून ०९२० वर कंपायलर (प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा) लगेच एरर देतो. हे बरंच म्हणायचं, कारण ०१० असता तर त्याने निमूट ८ धरले असते. पण एरर घालवायला सुरुवातीचं शून्यही खोडलंत तर खरा घात होतो. ९२० हा साधा दशमान आकडा बनतो, कंपायलर काही बोलत नाही, आणि दशमान ९२० म्हणजे हेक्स ३९८ असल्यामुळे ठच्या जागी ग्रीक थीटा येतो. ठचा खरा दशमान क्रमांक २३३६.

कान्याला विशेष जपा. ०एक्स०९३ई+१ असं सलग लिहिलं तर सी 'ई+१' सकट सगळं एकाच आकड्याचा भाग समजतं आणि एरर देतं. ई आणि अधिक चिन्हामध्ये एक स्पेस सोडा, काम होतं. शेवटी ई आलेल्या प्रत्येक हेक्स आकड्याला हे लागू आहे, आणि अधिकप्रमाणेच वजा चिन्हालाही.

स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणातल्या मजकुरात, लिहायची रीत निराळी: बॅकस्लॅश, स्मॉल यू आणि मोजून चार अंक. तिथे शून्य-एक्स लावायचं नाही आणि सुरुवातीचं शून्य गाळायचंही नाही.

पाटीला यूटीएफ-८ (युनिकोड क्रमांक बाइटमध्ये मांडायची पद्धत) बाइट पाठवायचे असतील तर ठचे तीन होतात: ई०, ए४, ए०. जावा या भाषेत बाइटची मजल १२७ पर्यंतच, त्यामुळे त्याहून मोठा ०एक्सई० थेट भरता येत नाही. आधी कंसात बाइट लिहून कास्ट करा, म्हणजे आकडा बाइट प्रकारात बदला.

पाटी जोडण्याआधी पायथनच्या सीएचआर फंक्शनला एकेक क्रमांक देऊन अक्षर बघून घ्या. वाशीसाठी व ०९३५, काना तोच, श ०९३६ आणि दीर्घ वेलांटी ०९४०.