सरपंच, भगत, हवालदार आणि मयत : छोट्या बजेटच्या पिक्चरमध्ये काम कसं टिकवायचं

आधीच सांगतो, हे हिरो व्हायला निघालेल्या पोरांसाठी नाही. ज्यांची चाळिशी-पन्नाशी आली, गणपतीत स्टेज गाजवलंय, राज्य नाट्य स्पर्धेत जळगाव केंद्रावर दोन-तीनदा उभे राहिलेत आणि आता वाटतंय की आपल्या खान्देशात एवढी शूटिंगं होतात तर एखादा रोल आपल्यालाही मिळावा, त्यांच्यासाठी आहे. मिळतो भो. माझं अमळनेरला झेरॉक्सचं दुकान आहे आणि १४ वर्षांत मी सरपंच, सावकार, हवालदार, भगत, मुलीचा बाप सगळं करून बसलोय, मेलोय चार वेळा. वयाचं मनात आणू नका, ए. के. हंगल पन्नाशी उलटल्यावर पिक्चरमध्ये आले, आधी शिवणकाम करायचे.

आपल्याला का घेतात ते समजून घ्या. पैसा वावर विकून नाहीतर मित्रांकडून गोळा करून आणलेला असतो, १२-१५ दिवसांत सगळं उरकायचं असतं. हिरो-हिरोईन बाहेरून येतात, बाकी गाव इथलंच. मुंबईचा कॅरेक्टर आर्टिस्ट आणला की तिकीट आलं, लॉज आलं, त्याचं वेगळं जेवण आलं, त्यापेक्षा पाचोऱ्याचा माणूस स्वतःच्या मोटारसायकलवर येतो. स्वस्त पडतो म्हणून घेतात, मनाला लावून घेऊ नका. मालेगाव बघा, जिल्हा नाशिक पण हवा आपलीच, तिथं लूमवरचे (कापडाच्या यंत्रमागावरचे) कामगार शुक्रवारी लूम बंद असायचे तेव्हा पिक्चर काढायचे, क्रेनच्या जागी बैलगाडी आणि ट्रॉलीच्या जागी सायकल, आणि त्यांच्यावर डॉक्युमेंटरी निघून ती जगभर फिरली.

आता मुद्द्याचं. तुम्ही अॅक्टिंग किती भारी करता याला दुसरा नंबर. पहिला नंबर तुमच्या पिशवीला.

माझ्या पिशवीत दोन गांधी टोप्या (एक कडक इस्त्रीची, एक मळकी), धोतर, नेहरू शर्ट, बंडी, खाकी पँट, तीन रंगांचे रुमाल, करदोडा, तंबाखूची चंची, जुन्या चपला आणि काच नसलेली चष्म्याची फ्रेम एवढं कायम असतं. ड्रेसवाला असतो म्हणतात, पण तो हिरोच्या मागे पळत असतो आणि तुम्हाला जे देईल ते एकतर पोटावर बसत नाही नाहीतर नवं कोरं असतं. नव्या धोतरातला म्हातारा शेतकरी कॅमेऱ्यात लगेच खोटा वाटतो. कपडे घरी चार वेळा धुऊन, उन्हात टाकून, वापरून जुने करा. फ्रेमला काच नको कारण लाईट किंवा रिफ्लेक्टर तिच्यावर चमकतो आणि डीओपी (मुख्य कॅमेरामन) ओरडतो, फक्त क्लोजमध्ये मान थोडी खाली ठेवा म्हणजे काच नाही हे कळत नाही. चष्म्याच्या दुकानात जुन्या फ्रेम पडलेल्या असतात, मला तर फुकट मिळाली.

दुसरं, मिशी. यात मी स्वतः पोळलोय म्हणून जरा लांबलचक सांगतो. एका पिक्चरमध्ये मी झुपकेदार मिशीचा सावकार होतो, काम संपलं, पॅकअप झालं, मी दुसऱ्या पिक्चरसाठी मिशी काढून भटजी झालो. दीड महिन्याने फोन, बापू एक दिवसाचं पॅचवर्क (राहिलेले तुकडे शूट करणं) आहे या. महिना मे, जागा भुसावळजवळ, तिथं मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो हे तुम्हाला सांगायला नको. मेकअपवाल्याने गम लावून नकली मिशी चिकटवली, घाम आला की डावीकडून सुटायची, मी डायलॉग म्हणायचो आणि वरच्या ओठाने तिला धरून ठेवायचो. पिक्चरमध्ये तो सावकार त्या एका सीनपुरता लकवा मारल्यासारखा बोलतो. लोकांना वाटलं काय अॅक्टिंग आहे! तेव्हापासून नियम केला, एडिट लागलं आणि डिरेक्टरने स्वतः फोनवर सांगितलं की आता काही राहिलं नाही, त्याशिवाय वस्तरा लावायचा नाही. मिशी, दाढी, केस हे तुमचं भांडवल आहे, एका वेळी एकाच पिक्चरला देता येतं.

त्याच्याच जोडीला कंटिन्युइटी, म्हणजे एकाच सीनच्या सगळ्या शॉटमध्ये तुम्ही सारखेच दिसणं. मोठ्या पिक्चरला त्यासाठी वेगळा असिस्टंट असतो, इथं तोच पोरगा क्लॅप देतो, तोच चहा सांगतो आणि तोच गर्दी हटवतो. त्याच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक सीन झाला की मोबाईलवर स्वतःचा उभा फोटो काढून घ्या, समोरून आणि बाजूने. रुमाल कोणत्या खांद्यावर होता, बाह्या किती दुमडल्या होत्या, वरचं बटण उघडं का बंद, गंध होतं का नव्हतं. घराबाहेरचा सीन पहिल्या दिवशी होतो आणि त्याच सीनमध्ये दारातून आत आलेला माणूस नवव्या दिवशी शूट होतो, मधे तुम्ही विसरलेले असता. एकदा तुम्ही डिरेक्टरला म्हणालात ना की सर रुमाल डाव्या खांद्यावर होता, हा बघा फोटो, तो पुढच्या पिक्चरला तुम्हालाच बोलावणार, लिहून ठेवा.

बोली. बाहेरच्या लोकांना खान्देश म्हणजे एकच भाषा वाटते. धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगावकडे अहिराणी, ‘कथा चालना भो?’, आणि भुसावळ, यावल, रावेरकडे लेवा बोली, ‘कुठी चालला?’. मालेगावकडची हिंदी तर आणखी वेगळी. या तिन्ही थोड्या थोड्या बोलता आल्या तर तुम्ही तीन माणसांचं काम करू शकता. मी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकत बसतो, सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेला म्हातारा कोणत्याही वर्कशॉपपेक्षा जास्त शिकवतो. स्क्रिप्टमध्ये बहुतेक वेळा भलतीच खिचडी लिहिलेली असते, ती सेटवर सर्वांसमोर दुरुस्त करू नका, डिरेक्टरला बाजूला घेऊन विचारा की असं म्हणू का. आणि तुमचा आवाज तुम्हीच डब करणार का हे आधीच विचारा, नाहीतर थेटरात तुमच्या तोंडातून पुण्याचा माणूस बोलतो.

ऑडिशन वगैरे फार काही नसतं. चार फोटो (साधा, धोतरात, खाकीत, दाढी वाढलेला) आणि एक मिनिटाचा व्हिडिओ, नाव-गाव-उंची आणि एक डायलॉग, बास. फिल्टर मारू नका.

पैसे. हे बोलायला सगळ्यांना लाज वाटते आणि म्हणूनच सगळे बुडतात. मला पहिल्यांदा दिवसाला ७०० ठरले होते आणि हातात आलं फक्त जेवण. नंतर एका निर्मात्याने सांगितलं की अनुदान आलं की देतो. आता हे अनुदान काय ते बघा, सरकार मराठी पिक्चरला अ दर्जा मिळाला तर ४० लाख आणि ब दर्जाला ३० लाख देतं, पण त्यासाठी पिक्चर पूर्ण व्हावा लागतो, सेन्सॉर व्हावा लागतो, समितीने बघून दर्जा द्यावा लागतो, आणि दर्जा मिळेलच याची गॅरंटी नाही. म्हणजे तुमचे ७०० रुपये त्या सगळ्या रांगेच्या शेवटी उभे. माझे अजून उभेच आहेत. तेव्हा रोजच्या रोज पॅकअपला पैसे घ्या, किमान निम्मे आधी, आणि ठरलेलं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा, ‘सर कन्फर्म करतो, एवढे दिवस, एवढे पैसे, पेट्रोल वेगळं’. त्यांनी ओके टाकलं की झालं. टीडीएस (पैसे देतानाच कापलेला इन्कम टॅक्स) कापला म्हणाले तर इन्कम टॅक्सच्या साइटवर तो तुमच्या नावावर चढलाय का बघा.

शेवटी मरायचं कसं ते, कारण ते काम तुम्हाला येणारच. अॅक्शन म्हणायच्या आधी श्वास अर्धा सोडून थांबा, पूर्ण भरून थांबलात तर छाती हलते. डोळे बंद असतील तर पापण्यांच्या आत बुबुळं खाली ठेवा म्हणजे थरथरत नाहीत. नाकातला कापूस स्वतः लावा, दुसऱ्याला लावू देऊ नका, ते खोल कोंबतात. माशी बसली तर बसू द्या, उलट शॉट भारी होतो. तिरडीला खांदा देणारे हौशी गावकरी असतात तेव्हा आधी एकदा रिकामी उचलून बघायला सांगा, मला धरणगावकडे एकाने पायाकडून सोडलं होतं. घरी आलं की बायको मीठ-मोहरी ओवाळते, तिला ओवाळू द्या.

आणि हार घातलेला फोटो. भिंतीवर मेलेल्या बापाचा फोटो प्रत्येक पिक्चरला लागतो आणि आर्टवाला ऐनवेळी विचारतो, बापू तुमचा वापरू का. फुकट देऊ नका, ५०० घ्या. माझा एकच फोटो तीन पिक्चरमध्ये लागलाय, आणि त्यातला एक युट्यूबवर बघून सुरतेच्या चुलत बहिणीने रात्री साडेअकराला रडत फोन केला होता, तो मीच उचलला.