पानगळीत तळ्याकाठी, गाडीतच मुक्काम

एकटीने गाडी काढून तळ्यांच्या मुलखात फिरायचं असेल तर मी पानगळीचेच दिवस निवडते. डास गेलेले असतात, गर्दी ओसरलेली असते, हवी ती जागा मिळते. थंडी पडणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यामुळे गरम कपडे कुणी विसरत नाही. खरी फजिती होते ती लवकर पडणाऱ्या अंधाराने आणि ओलीने. म्हणून माझी सगळी आखणी या दोघांभोवती असते.

आधी उजेडाचं. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र जवळपास सारखे होतात. त्यानंतर ४५ अंश अक्षांशाच्या आसपास दिवस रोज साधारण ३ मिनिटांनी आखडत जातो, म्हणजे आठवड्याभरात वीसेक मिनिटांचा उजेड गेला. अॅप सांगतं तेवढ्या वेळात पोचू असं धरून निघू नका. मधे तळं दिसलं की तुम्ही थांबणारच. सूर्यास्ताच्या दोन तास आधी गाडी मुक्कामाला लागलेली हवी, हा माझा नियम. संधिप्रकाशात हरणं रस्त्यावर येतात, आणि हे दिवस त्यांच्या माजाचे असल्याने नर कशाचीही पर्वा न करता आडवे धावतात. एक गेलं की मागून दुसरं येणार असं समजूनच वेग कमी करा. वळणावर साचलेली ओली पानंही भलतीच निसरडी असतात.

आता जागा. अगदी पाण्याला लागून गाडी लावायचा मोह होतो. फोटो तिथेच काढा, झोपायला मात्र थोडं वर या. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून घरंगळत खाली खोलगटात साचते. तळ्याचं पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून असतं. त्याच्यावर ही गार हवा आली की धुकं धरतं आणि पहाटेपर्यंत काठावरचं सगळं चिंब होतं. पाचदहा मीटर उंचावरही फरक जाणवतो. झाडाखाली दव कमी पडतं, पण आधी मान वर करून वाळक्या फांद्या लोंबत नाहीत ना ते बघा. पूर्वेकडून मोकळी जागा असेल तर उत्तम, सकाळचं पहिलं ऊन थेट काचेवर येतं. रात्री थांबायला परवानगी आहे का, अन्न कुठे ठेवायचं, हे तिथल्या फलकावर उजेडातच वाचून घ्या; अस्वलांचा वावर असेल तर दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. गाडीचं तोंड रस्त्याकडे ठेवा.

जमीन सपाट आहे का हे डोळ्यांना कळत नाही. मी अर्धी भरलेली पाण्याची बाटली मागच्या सपाट भागावर आडवी ठेवते. आतला हवेचा बुडबुडा ज्या टोकाला सरकेल ती बाजू उंच. डोकं तिकडे. फारच कलती असेल तर गाडी हातभर पुढेमागे घेऊन पुन्हा बघते.

अंथरुणावर खर्च करायचा असेल तर खालच्या बाजूला करा. स्लीपिंग बॅगचा अंगाखाली दबलेला भाग ऊब धरत नाही, तिथे काम करते ती मॅट. मॅट थंडी किती अडवते त्याचा आकडा म्हणजे आर-व्हॅल्यू. दोन मॅटच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, म्हणून मी खाली फोमची आणि वर हवेची अशा दोन घालते. नुसती घरगुती हवेची गादी नको. आतली हवा खेळत राहते आणि पाठ गारठते. बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात, कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते) आणि लिमिट (जेमतेम निभावेल ते). कम्फर्टचाच धरा, आणि अंदाजे तापमानापेक्षा पाच-सहा अंश खालचा घ्या. झोपायचे मोजे वेगळे ठेवा, ते घालून गाडीबाहेर पाऊल टाकायचं नाही. धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, ती उलटी धरून गळत नाही याची खात्री करायची आणि मोज्यात घालून पायाशी ठेवायची. पहाटेपर्यंत पुरते.

ओल बाहेरून येते त्याहून जास्त आपणच करतो, श्वासातून. थंडी वाजते म्हणून सगळ्या काचा बंद केल्या तर सकाळी छतातून थेंब टपकतात. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवा. ओले बूट, जॅकेट पिशवीत बांधून पुढच्या सीटखाली. सकाळी आधी काचा आतून कापडाने पुसून ते कापड बाहेर पिळा, मग ब्लोअर लावा; नाहीतर तेच पाणी वाफ होऊन पुन्हा आत फिरतं.

गाडीत स्वयंपाक नाही, गॅसवरचा हीटर नाही, इंजिन चालू ठेवून झोप नाही. यात सूट नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॅटरीवरचा अलार्म मी उशाशी ठेवते, पण तो आहे म्हणून शेगडी आत घेत नाही.

शेगडीचं आणखी एक. साध्या डब्यातला गॅस म्हणजे ब्यूटेन. ते उणे ०.५ अंशाला उकळतं, त्याहून गार झालं की त्याचा वायू होत नाही, त्यामुळे दहिवराच्या सकाळी डबा भरलेला असूनही ज्योत धुगधुगते. आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाचा डबा घ्या. फोन आणि पॉवर बँक रात्री बॅगेत अंगाजवळ. शून्याखाली लिथियम बॅटरी चार्ज करू नये. टायरची हवाही दर पाच-सहा अंशांना साधारण १ पीएसआय उतरते, तेव्हा निघण्यापूर्वी गार टायरवर मोजा.

घरच्या एका माणसाला रोजचा मुक्काम कळवा. "काळजी करू नकोस" एवढ्याने भागत नाही. "उद्या अकरापर्यंत निरोप आला नाही तर अमुक ठिकाणी फोन कर," इतकं स्पष्ट सांगा. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा. आणि एकट्याने पाण्यात उतरू नका. पृष्ठभाग कितीही शांत दिसो, अशा गार पाण्यात पहिल्याच मिनिटात श्वासावरचा ताबा जातो आणि थोड्याच वेळात हातपाय ऐकेनासे होतात.

दुपारी ऊन असेल तिथे थांबून बॅग आतली बाजू वर करून बॉनेटवर पसरा, चारी दारं उघडा, अर्धा तास जाऊ द्या. जेवणही तेवढ्यात उरकतं. दोन दिवस सलग पाऊस लागला तर तिसऱ्या रात्री सरळ एखादी खोली घ्या, हीटरपाशी सगळं वाळवा आणि सकाळी पुढे निघा.