धुळ्यात पांझराकाठची संग्रहालयं पाहताना
धुळ्यात दोन ठिकाणं चुकवू नका: इतिहासाचार्य राजवाडे संशोधन मंडळ आणि रामदासी पोथ्यांचं समर्थ वाग्देवता मंदिर. राजवाडे 1926 साली धुळ्यातच वारले, त्यांच्या स्मरणार्थ मंडळ उभं राहिलं. आदल्या दिवशी फोन करून वेळ विचारा; सुटीच्या दिवशी कुलूप पाहून परतणारे पुष्कळ. नुसतं बघायला तास-दीड तास पुरे. कागदपत्रं हाताळायची तर आधी परवानगी घ्या, विषय नेमका सांगा. ‘जुनं काहीतरी दाखवा’ म्हटलं की काम अडतं. मोडी येत नसेल तर जाणकार सोबत न्या. शाईचा डाग निघत नाही, म्हणून टिपणं पेन्सिलीनंच. फ्लॅश बंद. एप्रिल-मेमध्ये सकाळीच उरका, दुपारचं ऊन खानदेशी आहे!