एक डाव हरला की पुढचाही जातो: माझा अनुभव

लक्षण: बुद्धिबळाच्या स्पर्धेत पहिला डाव हरल्यावर दुसऱ्या फेरीत मनात रेटिंगचा (खेळाडूची ताकद सांगणाऱ्या गुणांचा) हिशेब चालू, आणि चांगल्या स्थितीतही बरोबरी मागणे. वैताग एवढाच की सराव भरपूर असूनही हे व्हायचं.

रात्री ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) खेळून पाहिलं, हरल्या हरल्या इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) लावून पाहिलं. दोन्हींनी घोळ वाढला.

उपयोगी पडलं ते असं. स्पर्धेआधीच आकडे कागदावर मांडायचे. के (रेटिंग किती बदलेल ते ठरवणारा गुणक) २० असेल आणि समोरच्याचं रेटिंग १०० गुणांनी कमी असेल, तर हार म्हणजे उणे १२.८, बरोबरी उणे २.८, विजय अधिक ७.२. कागद घरीच ठेवायचा. डाव संपल्यावर स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) सही, प्रतिस्पर्ध्याशी दहा मिनिटं चर्चा, मग जिथून डाव फिरला त्या एकाच चालीवर खूण. मोबाइल बंदच. नंतर वीस मिनिटं चालणं. कोल्हापुरात दोन फेऱ्यांमध्ये मिसळीचा मोह होतो, पण पोट जड होतं. केळं आणि मूठभर भडंग पुरे. (मिसळीचा कट शेवटच्या फेरीनंतर!) पुढच्या डावात दर पाच चालींनी उरलेला वेळ स्कोअरशीटवर लिहायचा, म्हणजे घाई लगेच दिसते. चाळीस चालींआधी, बाजू वरचढ असताना, बरोबरी मागायची नाही. इंजिन रात्रीच, तेही खूण केलेल्या चालींपुरतं.