नवा भाग वाचला, आता बोलायचं कसं

इंदूरला रामबागेत आमचा आठ जणांचा वाचनकट्टा आहे. लाडक्या गुप्तहेराचा नवा भाग आला की पोह्यांवर जिरावण मसाला पडायच्या आत कुणीतरी खुन्याचं नाव ओकतंच. मागच्या खेपेला तो मान आमच्या ह्यांनी पटकावला. "अगं, मला वाटलं तू संपवलंस!"

तेव्हापासून आधी पान क्रमांक सांगायचा, मग तोंड उघडायचं. सगळ्यांत मागे असेल त्याच्या पानापुढे कुणी जायचं नाही.

वाचताना हाताशी पेन्सिल ठेवा. संशय आला की समासात नाव लिहा आणि शेवट कळल्यावर ते खोडू नका. "मला आधीच कळलं होतं" म्हणणाऱ्या एका काकांचं पुस्तक मी उघडून पाहिलं. समासात तीन नावं, तिन्ही निरपराध!

शेवट पटला नाही तर नुसतं "फसवलं" म्हणू नका, मागे जाऊन बघा. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने 1929 मध्येच नियम घातला होता: गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेलेला हवा. तो तिथे सापडला, तर चूक आपल्या डोळ्यांची.

"पूर्वीची मजा नाही" म्हणण्याआधी जुना भाग पुन्हा वाचा. मी वाचला, मधली चाळीस पानं चक्क रटाळ निघाली. तेव्हा मी सोळा वर्षांची होते, दुसरं काय! रागावायचं असेल तर खुशाल रागवा. 1893 मध्ये लेखक कॉनन डॉयलने आपल्या शेरलॉक होम्सला दरीत ढकलल्यावर वाचकांनी त्या कथा छापणाऱ्या मासिकाची वर्गणी बंद केली होती. 1903 मध्ये तो परतलाच की.